अननुभवी गटातला मी

५ ऑगस्ट
नाशिकला कॅज्युअल्टीत रुजू होऊन महिना झाला. भूलतज्ज्ञ तेजस्विनी मॅडम एक अभ्यास करताहेत: श्वासनलिका मोकळी ठेवायला नवख्या डॉक्टरांना काय सोपं? जीभ उचलायचं साधं स्टीलचं पातं आणि श्वासनलिकेत घालायची नळी, कॅमेऱ्याचं पातं आणि नळी, की नुसता घशात सरकवायचा मास्क? मला 'अननुभवी' गटात टाकलंय. डोकंच सणकलं. मी साधं पातंच वापरणार. कॅमेरा म्हणजे कॉपी करून पास होणं.

६ ऑगस्ट
पुतळ्यावर सराव. पातं जोरात उपटलं. पुतळ्याचे दात तुटले. माल हलका. नळी पोटात गेली, पोट टम्म. मॅडम म्हणाल्या, दातांवर टेकवून पहार चालवू नका. मास्क सगळ्यांनी पहिल्या फटक्यात बसवला. म्हणजे त्यात काही अर्थ नाही.

८ ऑगस्ट
मनगटात दम हवा. रोज पन्नास डिप्स. आज सहा झाले. रागात पुतळ्याला लाथ घातली, अंगठा सुजला. उद्यापासून राग बंद.

१० ऑगस्ट, दुपारी
विंचूरला कांदा मार्केटात हाणामारी. तिथून सोमनाथ नावाच्या माणसाला आणलं. डोक्यात क्रेट बसलेला, पोटात दारू, शुद्ध नाही, घरघर, ओठ निळे. त्याचा भाऊ खंडेराव म्हणाला, हा गेला तर तुला इथंच गाडीन. सिस्टरनं मास्क पुढे केला, मी झिडकारला. पातं घातलं, दिलं उपटून. दोन दात कटकन. रक्तच रक्त. नळी पोटात. ओठ काळे पडायला लागले. तेवढ्यात मॅडम धावत आल्या, मला कॉलर धरून भिंतीवर ढकललं, रक्त ओढून काढलं, मास्क बसवला. छाती हलली. वाचला.
तोंड मी उघडून ठेवलं होतं म्हणूनच मास्क इतका पटकन बसला.

११ ऑगस्ट
स्कॅन स्वच्छ. सोमनाथ शुद्धीवर, दात शोधतोय. मारामारीत पडले असं मी सांगितलं. खंडेराव म्हणाला, आणलं तेव्हा होते. आणि कानाखाली वाजवली. गावाकडची माणसं भावनिक असतात.

१३ ऑगस्ट, संध्याकाळी
हवालदार गोटीरामला घेऊन आले. क्रेट त्यानंच मारलेला. डोक्याला नुसती खोक, पण दात पडला की कायद्यानं गंभीर दुखापत, म्हणजे हा लांब आत जाणार. मी ठासून सांगितलं, दातही याचंच काम.
गोटीराम रडायलाच लागला. "क्रेट मीच मारला, सायेब. तोंडाला हात नाय लावला."
मॅडमनी सगळं सांगून टाकलं. हवालदारांनी मलाही जबाबाला गाडीत बसवलं. मी दाराशी कडेला टेकलो. गोटीराम सरकला, मला जागा दिली.
"पयलीच टाईम का, डाक्टर?"
हो म्हणालो.