ढाल खाली घेणारा योद्धा

नांदेड, मंगळवार संध्याकाळ

महिनाभर मोबाईलवरच्या ऑनलाइन खेळात लढाई शिकतेय. लातूरहून लेक मंजू फोनवर सांगते, आधी ढालीवर वार झेल, मग मार. रोज एका अनोळखी योद्ध्याला हरवत होते. ऐन वेळी तो ढाल खाली घ्यायचा. मला वाटलं, माझाच हात बसला.

आज फोनवर मागून जावई हसले, "आई, तुमच्याकडून रोज हारून मंजू लई कंटाळली!"

म्हणजे तो योद्धा मंजूच? "अगं आई, नाहीतर पहिल्याच दिवशी सोडून बसली असतीस," मंजू म्हणाली. शाळेत मी कुणाला फुकटचा एक मार्क दिला नाही, आणि पोटच्या लेकीनं... ढाल खाली घेऊन!

फोन ठेवला. खऱ्याच अनोळखी माणसाशी लढले. ढाल उचलायच्या आत पडले. ही हार तरी माझी आहे.