एकास दोन

४ मार्च
कारखान्यात काकांच्या डोळ्यांत टाकीतलं पाणी उडालं! पत्रे धुऊन उरलेलं आम्ल आम्ही कॉस्टिक सोडा घालून मारतो, मग गटारात सोडतो. वीस वर्षं ती टाकी काकाच सांभाळतात. आज साहेब आणि मी शेजारीच उभे होतो. काकांनी तक्त्याप्रमाणे एक पोतं ओतलं, ढवळलं. साहेब म्हणाले, "गटारात सोडून द्या आता." पाइप निसटला. काका तोंड धरून मटकन खाली बसले. मी त्यांच्या डोळ्यांवर नळ धरून राहिले.
मेलेल्या आम्लानं एवढं भाजतं?

५ मार्च
उजवा वाचेल. डाव्याचं सांगता येत नाही.

६ मार्च
साहेबांचा निकाल तयार! "चष्मा नव्हता. सोडाही कमी टाकला असणार. म्हातारा धांदरट झालाय हल्ली."
मी म्हटलं, पूर्ण पोतं पडलेलं मी पाहिलं.
"तुम्ही काय पोत्यात शिरून पाहिलंत?"
काकांना काढणार. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना.

८ मार्च
सुट्टी. मुलीला गणित अडलं – इतक्या सल्फ्युरिक आम्लाला कॉस्टिक किती? मी तोंडीच सांगितलं.
"चूक! आई, आधी समीकरण संतुलित कर ना. आम्लाच्या एका मोलला सोड्याचे दोन लागतात. एकास दोन. तू कारखान्यात केमिस्ट आहेस की चहावाली?"
ती हसत होती. मी तिची वही ओढून घेतली.
पूर्वी आम्ही हायड्रोक्लोरिक वापरायचो. तिथे एकास एक. चार महिन्यांपूर्वी आम्ल बदललं, तेव्हा तक्ता मीच नवा केला. रेणुभार बदलला – छत्तीस पूर्णांक पाच खोडून अठ्ठ्याण्णव. गुणोत्तराकडे पाहिलंच नाही!
एक पोतं नव्हे. दोन हवी होती.

९ मार्च
टाकीवरचा तक्ता पाहून आले. अक्षर माझं, खाली सही माझी. साहेबांना लिहून दिलं – चूक तक्त्याची, तक्ता माझा. ते दार लावून म्हणाले, "कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता? कोण विचारतंय तुम्हाला?" कागद मी परत घेतला नाही. बहुधा काकांऐवजी मी जाईन. जाऊ दे.
एक मात्र कळत नाही. चार महिने निम्मं आम्ल जिवंत सुटत होतं, तर आजवर काहीच कसं झालं नाही?

१० मार्च
इस्पितळात काकांची माफी मागितली. त्यांनी माझाच हात थोपटला.
"मला ठाऊक होतं, मॅडम. एका पोत्यानं लिटमस लालच राहायचा. मी रोज दोन टाकायचो."
मग त्या दिवशी एकच का?
"साहेब होते ना. त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं कसं पाडू?"