पाच ठिपक्यांतला नऊ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे). तुझे गुडघे बरे असतील आणि भावोजी अजून तुझ्याशीच भांडत असतील, असं धरून चालते. मी हॉस्पिटलात आहे. परवा पित्ताशय काढणार. त्याचं काही नाही. धास्ती घेतली आहे ती खाटेशेजारच्या यंत्राची.

हे यंत्र सलाइनमधून औषध सोडतं. किती सोडायचं ते काडेपेटीएवढ्या स्क्रीनवर दिसतं, आणि तिथले मराठी आकडे तुझ्या लाडक्या भाच्याने काढलेले आहेत. पाच ठिपके रुंद, सात ठिपके उंच, एवढ्या चौकटीत एकेक आकडा कोंबलाय. (आमच्या शाळेतल्या ननबाईंनी असं अक्षर पाहिलं असतं तर बोटांवर पट्टी बसली असती.) वर्षभर जेवणाच्या टेबलावर हेच चाललं होतं. एकाची शेपटी एक ठिपका वळली की तो नऊ दिसायचा, आणि आमटी निवून जायची. मग वाचता येतंय का ते बघायला गिनिपिग कोण, तर मी. चष्मा काढायला लावून मला भिंतीशी उभं करायचा. मी खणखणीत वाचायचे, एक चूक नाही. ऑफिसात यानं सांगितलं, आमच्या आईलासुद्धा दिसतं. (सुद्धा म्हणे.)

काल नर्स यंत्र लावत होती. मी स्क्रीनवरचा आकडा एक वाचला. ती म्हणाली, "नऊ आहे हो, आजी." (मी तिची आजी कधीपासून?) तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा गाढव वर्षभर एकच ओळ दाखवत होता. ती मला शाळेतल्या प्रार्थनेसारखी पाठ झाली होती. डोळ्यांनी मी वाचलंच नव्हतं, ताई. नर्सला म्हणे सवयीने कळतं. उद्या सवय नसलेली आली तर? डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, ऑपरेशनच्या आधी सगळेच घाबरतात. दुसरं यंत्र मागितलं, तर सगळी याच जातीची.

शेवटी चिरंजीवांना बोलावलं. तो स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिला, मग स्टुलावर बसला. म्हणाला, "आई, मलाही आता एक आणि नऊ वेगळे दिसत नाहीत."

तुझी धाकटी

ता. क. परवा ये. फळं आणू नकोस. त्याचे आकडे तू कधी पाहिलेले नाहीस, तेव्हा जे दिसेल तेच वाचशील. खाटेला चिकटून बस, आणि आकडा बदलला की नर्सला मोठ्याने विचार. ती चिडेल. कुणी चिडल्याने तुला काय फरक पडलाय आजवर.

आणखी ता. क. तो बाहेर बाकावर बसून आहे, घरी जात नाही, आत येत नाही. आलीस की आधी त्याच्याजवळ बस.