नादीनचं वाकडं तोंड

वॉलेनबेक, ९ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. आल्मास,
तुझ्या म्हाताऱ्या ताईचे अ. उ. आशीर्वाद वि. वि.

तुझं खोकं पोचलं. सहाच्या सहा बाटल्या धड आल्या, एकही वाटेत फुटली नाही, हे माझं नशीब. तुमच्याकडची ती गव्हाची काळी बिअर तीस वर्षांपूर्वी होती तशीच आहे. तेच पिकलेलं केळं, तीच लवंग. आजारी बाळाला खीर भरवता भरवता कुणीतरी त्यात दारू ओतावी तशी. फेस एवढा की कॉनराडने त्यावर दाढी उरकावी. तुम्ही लोक याला पेय म्हणता, याचं मला अजून नवल वाटतं.

अर्थात इथे तरी काय उजेड आहे? माझ्या योझेफचे मित्र ती पिवळीधमक बिअर पितात, पाण्याला आपण कुणीतरी मोठे आहोत असा भास झाला की तशी होते. मठातल्या धर्मगुरूंची काळी बिअर घ्यावी तर मनुके आणि गूळ, ग्लासभर प्यायलं की रात्रीचं जेवण नको. आणि आमच्या सूनबाई! नादीनला ती चेरीचं सरबत ओतलेली बाटली आवडते. खोकल्याचं औषध ते. ब्रसेल्समध्ये बुटांच्या दुकानात वाढलेल्या मुलीकडून आणखी काय अपेक्षा करायची! आपली ग्यूझ, आपल्या तळघरातली मिसळलेली आंबट बिअर, पहिल्यांदा प्यायली तेव्हा गोठ्याचा वास येतो म्हणाली होती, आठवतं ना?

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. योझेफने पुन्हा त्या सरबतवाल्या कारखान्याचा विषय काढला. तळघरात सव्वीस पिंपं आहेत: एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची. त्यांतली कुठली कुठल्यात मिसळायची हे आधी आपल्या वडिलांनी ठरवलं, मग मी. योझेफ म्हणतो, आई, तुला आता झेपत नाही, फेब्रुवारीअखेर बाटल्या भरून झाल्या नाहीत तर पिंपं कारखान्याला देऊन टाकू. तिथे ती साखरेत बुडवतात. मी त्याला सांगितलं, तळघरात अजून मी आहे.

कळावे. केळ्या-लवंगांतून वेळ मिळाला तर आठवण ठेव.
तुझी,
लिओनटीन

---

बाम्बेर्ग, २३ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस,
आल्माचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कॉनराडला मोठ्याने वाचून दाखवलं. दाढीवर तो खळखळून हसला. तुझी ती आंबट बिअर पिताना त्याचे डोळे मिटतात आणि खांदे कानापर्यंत जातात, तरी मेव्हणीपुढे तो कधी काही बोलला नाही, एवढा भला माणूस. पण शेवटी केळ्या-लवंगांचं पुन्हा ऐकलं तेव्हा त्याचं हसू थांबलं. तो उठून तळघरात गेला आणि खाली मान घालून वर आला.

ताई, गव्हाच्या सहाही बाटल्या इथेच आहेत. सेंट मार्टिनच्या सणाच्या भाजलेल्या हंसाबरोबर प्यायला म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या खानावळीतून धुराची बिअर, धुरावर सुकवलेल्या जवाची ती, आणली होती आणि गव्हाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवली होती. लेबलं काढायचा आळस केला. खोकं बांधताना त्याच हाताला लागल्या.

धुराची बिअर, ताई! माझ्या लग्नात जिला तू डुकराच्या मांडीचं धुवण म्हणालीस आणि माझ्या सासऱ्यांनी दोन वर्षं तुझं नाव टाकलं होतं, ती. इथे बाटली उघडली तर वरच्या मजल्यावरची बाई विचारते, आज मांस कुठून आणलंत. आणि तुला त्यात केळं लागलं? लवंग लागली?

मला थापा मारू नकोस. नन्सच्या शाळेत एकाच बाकावर बसून आपण एकमेकींची खोटी कबुलीपत्रं लिहिलेली आहेत. काय झालंय ते लिही.

लोभ आहेच. तो काळजीने जरा पातळ होतोय एवढंच.
तुझी,
आल्मा

---

वॉलेनबेक, ६ डिसेंबर १९८६

चि. आल्मा,
आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं आणि शेगडीत टाकलं. मग अर्धं जळालेलं बाहेर काढलं. तुझ्या नवऱ्याला एवढंच सांग, की साठ वर्षांच्या माणसाला बाटली ओळखता येऊ नये ही लाजेची गोष्ट आहे. मी त्रेसष्टची आहे, हे त्याला सांगायची गरज नाही.

सप्टेंबरातल्या तापानंतर वास गेला. सगळा. डॉक्टर म्हणाले, येईल; मग म्हणाले, बघू. जिभेला आंबट कळतं, कडू कळतं, गोड कळतं, बस्स. तुझ्या बिअरचं लेबल बघून मी केळं-लवंग पाठ म्हटलं, शाळेत संध्याकाळची प्रार्थना म्हणायचो तसं. जिभेचा पट्टा चालवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, म्हणून इतके दिवस खपलं. आपली ग्यूझ आता मला लिंबूपाणी लागते. वडिलांनी ऐकलं असतं तर त्यांनी मला नादीनच्या सरबताचा ग्लास हातात दिला असता.

योझेफला कळलं तर पिंपं दुसऱ्या दिवशी गाडीत चढतील. म्हणून मी एक युक्ती काढली आहे. तुला हसायचं तर हस. दर तीन-चार दिवसांनी दुपारी नादीन कोळसा घ्यायला खाली येते, तेव्हा मी तिला एका पिंपातला ग्लास देते आणि तिचं तोंड बघते. शेणात पाय पडल्यासारखं तोंड केलं की ते पिंप मुरलेलं. खडूने तीन रेघा. नुसत्या भुवया आवळल्या तर कोवळं; एक रेघ. ग्लास खाली ठेवून खिडकीकडे बघायला लागली तर शिरका झाला, म्हणजे व्हिनेगर; फुली. पाच पिंपं झाली. सत्तावीस वर्षांची पोर, कसल्या चवीचा पत्ता नाही, पण तोंड मात्र हवामानखात्याहून भरवशाचं आहे.

कुणाला बोलू नकोस. तुला सांगून टाकलं, आता पुन्हा विषय नको.
लोभ असो वा नसो, तोंड बंद असू दे.
लिओनटीन

---

बाम्बेर्ग, १८ डिसेंबर १९८६

ती. ताईस,
शि. सा. न.

हसले नाही. रडले, आणि कॉनराडला सांगितलं की कांदा चिरतेय.

शाळेतल्या जेवणात सिस्टर ह्युबर्टा ती पातळ, तपकिरी बिअर ओतायच्या तेव्हा तू ग्लास नाकाशी धरून सांगायचीस, आज पिंपाचा तळ आला आहे. सिस्टर रागवायच्या आणि मग गुपचूप स्वतः वास घेऊन बघायच्या. तेव्हापासून मला वाटायचं, आपल्या घरात नाक एकच आहे, ते ताईचं. मी पस्तीस वर्षं परक्या गावात ज्याला त्याला हे सांगत आले.

पण आता मला चीड येते आहे ती तुझी. अख्ख्या जगाच्या बिअरवर तू थुंकलीस आणि आता वडिलांची पिंपं एका मुलीच्या भुवयांवर ठरवतेस, तेही तिला न सांगता! गोठ्याचा वास येतो म्हणाली तेव्हा आपण सगळे हसलो. पण ताई, गोठ्याचाच वास येतो ना गं? टेबलाशी बसलेल्यांत खरं बोलणारी ती एकटी होती. तिला सांग. नाही सांगितलंस आणि एखाद्या दिवशी तिला नुसती सर्दी झाली, तर काय करशील?

नाताळचा केक पाठवते. वास नसला तरी बदाम चावता येतात.
माया कमी होऊ देऊ नकोस, झाला तर हट्ट कमी कर.
आल्मा

---

वॉलेनबेक, ४ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. आल्मामावशींस,
नादीनचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही, चूकभूल माफ करा. आईंनीच लिहायला सांगितलं. त्या म्हणतात, मी लिहिलं तर मला कमीपणा येईल, तू लिही, तुझा मान काही जायचा नाही.

मावशी, आईंचा वास गेला हे मला ऑक्टोबरातच कळलं. योझेफने तळघराच्या दाराला डांबर लावलं होतं. दोन दिवस घरात श्वास घेववत नव्हता, आणि आई त्या दाराशी खुर्ची टाकून बटाटे सोलत होत्या. मी बोलले नाही. बोलले असते तर योझेफने ऐकलं असतं. मग त्या मला ग्लास द्यायला लागल्या आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मला समजलं. मी तोंडं जरा जास्तच वाकडी करायला लागले, त्यांना लांबून स्पष्ट दिसावीत म्हणून. आरशासमोर सरावही केला.

घोटाळा झाला तो गेल्या शुक्रवारी, एकोणिसाव्या पिंपाशी. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं होईना. ओला पेंढा, जुन्या सफरचंदाची साल, पावसातून आलेल्या घोड्याच्या गळ्यातला चामडी पट्टा, आणि मला आणखी एक घोट हवासा वाटला. इतक्या दिवसांत मला ती आंबट बिअर आवडायला लागली होती, आणि माझं मलाच कळलं नव्हतं. मी ग्लास हातात धरून खिडकीकडे बघत राहिले. आईंनी माझं शांत तोंड बघितलं, खडू उचलला आणि पिंपावर फुली मारली. ते शिरका विकणाऱ्याला जाणार होतं.

मग मला गप्प बसवेना. मी म्हटलं, आई, ती फुली पुसा, सव्वीसांत हेच सगळ्यात चांगलं आहे.

त्या उलट्या पेटीवर बसल्या. हातातला खडू खिशात टाकला. मग विचारलं, कधीपासून माहीत आहे? मी म्हटलं, डांबरापासून. त्यावर त्यांनी मला जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाल्या, इतकी घाणेरडी तोंडं बघत मी दोन महिने काढले आणि तू सगळं जाणूनबुजून करत होतीस! मग हळूच विचारलं, कसला वास आहे? मी सांगितलं. म्हणाल्या, पट्टा नव्हे, त्याच्याखालची घोंगडी. मी म्हटलं, नाही, चामडंच. अर्धा तास आम्ही भांडलो. त्यांना वास काही येत नव्हता, तरी हरायला तयार नव्हत्या.

सोमवारी मेणबत्त्यांच्या सणाला धिरडी खायला बसलो तेव्हा त्यांनी स्वतःच योझेफला सांगितलं, मला वास येत नाही, पाच महिने झाले. योझेफने कारखान्याचं नाव काढायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, आधी घास गिळ. पिंपं नादीन निवडते आहे, थोडीच राहिलीत, आणि बाटल्या तू धुणार आहेस. योझेफ माझ्याकडे बघत राहिला. मी होकाराची मान हलवली. त्याने घास गिळला.

उरलेली पिंपं मी रोज दोन-दोन बघते. तोंड वाकडं न करता, बोलून. सगळ्या बाटल्या महिनाअखेर भरून होतील.

तुमचा लोभ आजवर योझेफची बायको म्हणून होता. आता जमलं तर थोडा माझ्या नावाचाही असावा.
आपली,
नादीन

ता. क. आल्मा, हे मी वाचलं. शुद्धलेखन बरं आहे. ती घोंगडीच आहे, पण एकोणिसाव्या पिंपाच्या पाटीवर चामडं असं लिहू दिलं आहे, कारण वास तिला आला, मला नाही. योझेफ तळघरात बाटल्या धुतोय आणि कुरकुरतोय, ऐकायला फार गोड लागतं. — लि.