तिला भाऊ हाय की

अप्पा, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि तुमचं घर विकून पाडलं त्यालाही तीन वर्षं होतील. घेणाऱ्याने तिथं चादरींचं गोडाऊन बांधलंय. मी त्या बोळातून जात नाही. तुमच्या धाकट्या लेकीला तर रिक्षानंसुद्धा नेत नाही.

तो रविवार मला अजून दिसतो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलाय, ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आई जाऊन वर्ष झालेलं. धाकटी तुमच्या शेजारी, तुम्ही मोडून दिलेला तुकडा चघळतेय. तिशी उलटली तरी तिची समज पाच वर्षांच्या पोरीचीच. आमच्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान वकील होते. त्यांनी मला समजावलं होतं, की धाकटीला हयातभर त्या घरात राहता येईल असं मृत्युपत्र वडिलांकडून करून घ्या. मी तेवढंच तुम्हाला सांगितलं. तुम्ही ताट सरकवलंत.

"माझ्या जित्तेपणी वाटण्या मांडतीस व्हय गं?"

"वाटण्या न्हाईत अप्पा. तुमच्यामागं हिचं काय?"

"तिला भाऊ हाय की! मृत्युपत्रं बंगलेवाल्यांनी करायची. यंत्रमागावर राबणाऱ्याकडं हाय काय? दोन खोल्या."

दादा दारातच उभा होता. माझ्याहून लहान, पण धाकटीमुळं आपण सगळेच त्याला दादा म्हणायचो. "मी हाय की अप्पा," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. आणि तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी परक्या घरातून काही मागायला आले होते. त्यानंतर दिवाळीपर्यंत तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत.

तुम्ही गेल्यावर काही वर्षं दादाने तिला नीट सांभाळलं, हे मी नाकारत नाही. मग त्याची नोकरी पुण्याला गेली, मुलं मोठी झाली, धाकटीचं करून बायको थकली. एक दिवस तो शहराबाहेर कुंभारीला माझ्या घरी आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, "अक्का, घर विकू या. मी माझा वाटा मागतोय, कुणाचा हिसकावत न्हाई." मी नाही म्हणाले. तो कोर्टात गेला. ज्या भावाला मी कडेवर घेऊन फिरवलं, तो पुढे तारखांना माझ्यासमोर मान खाली घालून बसायचा, आणि मीही त्याला पाणी विचारत नव्हते.

कायद्याने काही चूक केली नाही, अप्पा. घर विकून तिघांना सारखा वाटा दिला. पण धाकटीला वाटा नको होता, तो उंबरा हवा होता. त्या बोळात ती कुठंही गेली तरी कुणीतरी हाताला धरून परत आणून सोडायचं. किराणावाला तिला रोज एक लिमलेटची गोळी द्यायचा. हे तुम्ही लिहून ठेवलं नाहीत, तर कोर्टाला कुठून कळणार? न्यायाधीशबाईंनी तिला अगदी मायेनं विचारलं, "बाळ, तुला कुणाकडं राहायचंय?" ती म्हणाली, "अप्पाकडं." बाईंनी पुढची तारीख दिली. दादा उठून बाहेर गेला.

आता ती माझ्याकडे आहे. तिच्या वाट्याचे पैसे बँकेत आहेत, कोर्टाला विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. इथं तिला कुणी ओळखत नाही. दोनदा हरवली. दाराला आतून कुलूप लावते मी, आणि ती दाराशी बसून राहते. दादाचा फोन येत नाही. मीही करत नाही. लोक म्हणतात, घरासाठी भांडली भावंडं. मी कुणाकुणाला सांगू, की भांडण आमचं नव्हतं, तुम्ही जे न बोलता सोडून गेलात त्याचं होतं?

गेल्या महिन्यात शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या वकिलाकडे जाऊन, माझ्यामागं धाकटीला इथंच राहता यावं म्हणून, मी माझं मृत्युपत्र केलं. मुलगा चिडला, "आई, असलं अभद्र काय बोलतीस?" तरी गेले. वकिलांनी मजकूर वाचायला घेतला, "माझ्या मृत्यूनंतर...", आणि मी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. खुर्चीतून उठून पळावंसं वाटलं. तेव्हा कळलं, की त्या रविवारी तुम्हाला राग आला नव्हता, तुम्ही घाबरला होतात. हे कळल्यावर माझं मन निवळेल असं वाटलं होतं. नाही निवळलं. फक्त सही करताना तुम्ही शेजारी असावेत असं वाटलं, अप्पा, आणि त्याचाही मला रागच आला.