श्वास पुरेल असं वाक्य

ताई,

तुला आणि आईला नमस्कार. मी धडधाकट आहे. एवढं आधी आईला मोठ्यानं वाचून दाखव.

तुझं पत्र मिळालं. ‘अरे पंडिता, तुझं वाक्य संपेपर्यंत आईचा जीव अर्धा झाला!’ हा टोमणाही पोचला. वाक्य तसं निर्दोष होतं. चादरींच्या इस्त्रीच्या रोलरमध्ये हात जाऊन बोटं चिरडायची वेळ लॉन्ड्रीत कुणावरही येऊ नये, म्हणून सूचना लिहायचा मान साहेबांनी मला दिला, असं ते होतं. तू वाचताना नेमकी ‘बोटं चिरडायची वेळ’पाशी दम घ्यायला थांबलीस आणि आईनं हंबरडा फोडला, त्याला मी काय करू?

पण मग वाटलं, दमलेला कामगारही सूचना अशीच अर्धी वाचणार. भिंतीवरचा माझा लांबलचक कागद मीच उतरवला आणि नवा लावला: ‘आधी बटण बंद करा. मग हात घाला.’ साहेब म्हणाले, “यातून काढायला काही उरलंच नाही!” शाळा अर्ध्यात सुटलेल्या तुझ्या भावाचं लेखन आता सगळं खातं येता-जाता वाचतं.

(एवढं मनात वाच. शेजारच्या रोलरवरच्या सोबत्याची दोन बोटं गेली, म्हणून ही सूचना. माझ्या रोलरलाही जाळी बसवणार आहेत म्हणे.)

आपण दोघं मिळून काही लपवतोय, असं आईला अजून वाटतं का? तिला वाचता येत नाही, पण माझं अक्षर ती ओळखते. हे पत्र तिच्या हातात दे. म्हणावं, चिरडलेल्या बोटांनी इतक्या सरळ ओळी येत नाहीत.

तुझा धाकटा भाऊ