कावळा कशाला शिवला

सुकापूर, २७ ऑक्टोबर २०२४, रविवार

प्रिय किशोरी,

सकाळी नळाला पाणी नव्हतं. टँकरचं भरलं. बाजारातून मांदेली आणून साफ केली. मग तुझा मेसेज पुन्हा वाचला. जानेवारीत वर्षश्राद्धाला शोभाच्या गोष्टींचं पुस्तक काढायचं, प्रस्तावना तू लिहिणार, म्हणून तिच्या पानाचा पासवर्ड हवा.

तुझी ताई दर रविवारी मोबाइलवरून आपल्या पानावर एक गोष्ट टाकायची. अकरा जण वाचायचे, त्यांतला एक मी. मला त्यातलं फार कळत नाही. पण कोळणीच्या गोष्टीत मासळीचा वाटा लावताना तिचा हात थांबतो, तिथे मीही थांबलो होतो. तू गोष्टी टाकत नाहीस. गोष्ट कशी सुचते ते लिहितेस, वहीच्या आणि चहाच्या फोटोसकट. हजारो लोक वाचतात. शेवटच्या गणपतीत तू तिला म्हणालीस, "ताई, असं कच्चं टाकत जाऊ नकोस. आधी प्रोसेस समजून घे." तिने ऐकलं. तुझे सगळे लेख वाचले. त्यानंतर चार महिने जगली, एक ओळ लिहिली नाही.

दहाव्याला गाढी नदीवर कावळा शिवेना. तुमची गंगाआत्या रडत विचारत होती, "शोभे, काय रायलंय गो तुजं?" तू पुढे होऊन हात जोडलेस. तिच्या गोष्टी जगापर्यंत नेईन म्हणालीस. नंतर कावळा शिवला. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. त्यानंतर चौथ्या दिवशी तुझा लेख आला, 'शेवट कसा सापडतो'. त्यात नदी होती, पिंड होता, तुझा शब्द होता. 'ताईला लिहिणं जमलं नाही, पण तिने मला बघायला शिकवलं', असंही होतं. तिची एकही गोष्ट मात्र तू आजवर कुणाला दाखवली नाहीस.

त्या लेखात एक चूक आहे, ती कळवण्यासाठी हे पत्र. तुझे डोळे मिटलेले होते. तू बोललीस तेव्हा कावळा फांदीवरच बसून होता. बऱ्याच वेळाने मी मनात म्हणालो, शोभा, किशोरीचा हात तुझ्या लिखाणाला लागू देणार नाही. तेव्हा तो उतरला. पासवर्ड मिळणार नाही. यावरही लेख होईल, लिही. तिच्या वहीत एक अर्धी गोष्ट सापडली. ती आज मी कच्चीच टाकली. आतापर्यंत सात जणांनी वाचली. मग मांदेली तळली. सवयीने दोघांची झाली. सगळी खाल्ली, ताट घासून पालथं घातलं.

अजून तरी तुझाच,
दाजी